डोईवरचा वाद (६) : पंच्याऐंशी टक्के कशाचे?

मेलबर्न आज नाही. कबूल केलेला तिथल्या व्हिक्टोरिया राज्याचा १९९० चा सायकल-हेल्मेटसक्तीचा कायदा पुढच्या खेपेला घेऊ. शहाद्याजवळच्या एका शाळेतल्या गणिताच्या बाईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न इतका मुळाचा आहे की तो सोडवल्याशिवाय मेलबर्नच्या आकड्यांत शिरणं मला बरं वाटेना.

त्यांच्या शाळेत पुष्कळ मुली सायकलनं येतात. बऱ्याच सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या आहेत. पालकसभेत विषय निघाला की शाळेनं हेल्मेट सक्तीचं करावं. कुणीतरी एका विक्रेत्याचं पत्रक आणलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं : हेल्मेटमुळे डोक्याची दुखापत ८५ टक्क्यांनी कमी होते. बाई विचारतात, हे ८५ टक्के कशाचे? शंभर मुली पडल्या तर पंच्याऐंशी वाचतील असं समजायचं का?

तसं समजायचं नाही. पण मग काय समजायचं, हे सांगायला मला अमेरिकेतल्या सिअॅटलला जावं लागेल. या आकड्यानं मला बरीच वर्षं पछाडलं आहे, म्हणून आजचा सगळा भाग त्याच्यासाठीच.

तो पहिल्यांदा छापला गेला मे १९८९ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये. लेखक तिघे : रॉबर्ट थॉम्पसन, फ्रेडरिक रिव्हारा आणि डायेन थॉम्पसन. रिव्हारा बालरोगतज्ज्ञ. सिअॅटलमध्ये सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेली मुलं डॉक्टरांपुढे येत होती आणि हेल्मेट घालणारं मूल शोधावं लागत होतं. मुद्दाम शंभर जणांना हेल्मेट आणि शंभरांना उघडं डोकं देऊन पाडून बघता येत नाही. म्हणून त्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. वर्षभरात पाच इस्पितळांच्या कॅज्युअल्टीत डोक्याला मार लागून आलेले २३५ सायकलस्वार घेतले. त्याच इस्पितळांत हात, पाय, खांदा दुखावून आलेले, पण डोकं शाबूत असलेले ४३३ घेतले. (आणखी एक गट होता, त्या वर्षात सायकलवरून पडलेल्या ५५८ विमासभासदांचा. त्याचे आकडे दुसऱ्या गटाच्या जवळच आहेत.) मग सगळ्यांना विचारलं, पडलात तेव्हा डोक्यावर हेल्मेट होतं का?

डोक्याला मार लागलेल्यांत ७ टक्क्यांच्या डोक्यावर होतं. डोकं शाबूत असलेल्यांत २४ टक्क्यांच्या.

हेल्मेटचा काहीच उपयोग नसता तर दोन्ही गटांत त्याचं प्रमाण साधारण सारखं निघायला हवं होतं. ते तिपटीहून जास्त वेगळं निघालं. युक्तिवाद एवढाच आहे आणि मला तो पहिल्यापासून भक्कम वाटत आला आहे.

आता बाई, फळ्यावर घ्या. २३५ चे ७ टक्के म्हणजे सुमारे १६. ४३३ चे २४ टक्के म्हणजे सुमारे १०४. तर कॅज्युअल्टीत आलेले हेल्मेटवाले सगळे मिळून १२० आणि त्यांतल्या १६ जणांच्या डोक्याला मार, म्हणजे शंभरात तेरा-चौदा. उघड्या डोक्याचे २१९ आणि ३२९, एकूण ५४८. त्यांतल्या २१९ जणांच्या डोक्याला मार, म्हणजे शंभरात चाळीस. चाळिसावरून तेरा-चौदावर. घट सुमारे दोन-तृतीयांश.

हे ८५ नव्हे. मग ८५ आले कुठून?

अशा अभ्यासांत घट मोजतात ती वेगळ्या रीतीनं. मार लागलेले आणि न लागलेले यांचं गुणोत्तर दोन्हीकडे काढायचं आणि त्या गुणोत्तरांचं पुन्हा गुणोत्तर घ्यायचं. याला ऑड्स रेशो म्हणतात. हेल्मेटवाल्यांत १६ ला १०४, उघड्या डोक्यांत २१९ ला ३२९. भागाकार केलात तर साधारण ०.२३ येतात, म्हणजे घट तीन-चतुर्थांशाहून थोडी जास्त. माणसं तीच, तरी दोन-तृतीयांशाचे तीन-चतुर्थांश झाले. दुखापत क्वचित होणारी असेल तर दोन्ही रीती जवळपास एकच उत्तर देतात. पण इथं डोक्याचा मार क्वचित नव्हता, कॅज्युअल्टीत आलेल्या दर तिघांतल्या एकाला तो होता. अशा वेळी ऑड्स रेशो परिणाम फुगवून दाखवतो. त्यानंतर संशोधकांनी वय, उत्पन्न, शिक्षण, सायकलचा अनुभव, अपघाताची तीव्रता यांचा हिशेब धरला आणि गुणोत्तर ०.१५ वर आलं. एकातून ०.१५ गेले, राहिले ०.८५. पत्रकावरचे पंच्याऐंशी ते हे. खुद्द लेखकांनी त्याच्या दोन्ही बाजूंना मर्यादा दिली होती : गुणोत्तर ०.०७ ते ०.२९ यांच्यामध्ये कुठंही असू शकेल. पत्रकांवर मर्यादा छापत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या अभ्यासातला प्रत्येक माणूस आधीच पडलेला आहे. जी मुलगी पडलीच नाही, ती यात नाही. म्हणून ‘शंभर मुली सायकल चालवतात’ यावरून ८५ कडे जाता येत नाही. शंभर पडल्या यावरूनसुद्धा जाता येत नाही, कारण पडणाऱ्या बहुतेकींचे गुडघे आणि कोपरं फुटतात, डोकं आपटतच नाही. पत्रकातलं वाक्य फक्त डोक्याच्या दुखापतींविषयी आहे आणि तेही सिअॅटलमधल्या त्या वर्षीच्या माणसांविषयी. त्या काळात हेल्मेट घालणारा सायकलस्वार विरळा होता. असा माणूस इतर बाबतींतही जपून चालवणारा असेल का, तो बागेतल्या वाटेवर जास्त आणि हमरस्त्यावर कमी असेल का, हे आकडेमोडीतून पुरतं निपटून काढता येत नाही. टीकाकारांचा हा आक्षेप मला रास्त वाटतो.

याच तिघांनी पुढं आपलंच काम वाढवलं. १९९६ मध्ये सिअॅटलच्या सात इस्पितळांतले ३,३९० जखमी सायकलस्वार घेऊन नवा निबंध आला. या वेळी डोक्याच्या दुखापतीतली घट निघाली ६९ टक्के. पाचपट मोठ्या गटावरचा, त्याच माणसांनी काढलेला आकडा. तरी भित्तिपत्रकांवर, सरकारी पुस्तिकांवर, विधिमंडळांतल्या भाषणांत ८५ च राहिला. पहिला आकडा मोठा होता आणि ज्यांना मुलांची डोकी वाचवायची होती त्यांना तो सोडवेना. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण २०१३ पर्यंत अमेरिकेची दोन केंद्रीय खाती, रस्तासुरक्षेचं आणि रोगनियंत्रणाचं, हाच आकडा देत राहिली. वॉशिंग्टनच्या सायकलस्वारांच्या संघटनेनं माहितीच्या गुणवत्तेच्या कायद्याखाली अर्ज केला, तेव्हा कुठं त्यांनी तो मागे घेतला.

यातून नुकसान झालं ते असं. आकडा पडलेला पाहून कित्येक सायकलप्रेमी म्हणू लागले, बघा, हेल्मेटचा उपयोग नाही हे सरकारनंच मान्य केलं. हे साफ चूक आहे आणि मला याचा त्रास होतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जेक ऑलिव्हिये आणि प्रूडन्स क्रायटन यांनी ४० अभ्यास, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र करून मोजलं : डोक्याच्या सगळ्या दुखापती ५१ टक्के कमी, गंभीर दुखापती ६९ टक्के, जीवघेण्या ६५ टक्के, चेहऱ्याच्या ३३ टक्के. ऑस्लोच्या रुने एल्विक यांनी जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली तेव्हा परिणाम आणखी लहान दिसला. पण ५१ च काय, ४० जरी धरले तरी कवटीच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. हेल्मेट म्हणजे आत थर्माकोलचा जाड थर. डोकं आपटताना तो चेपतो आणि धक्का थोड्या जास्त वेळात वाटून देतो. युरोपीय मानकाच्या चाचणीत ते सुमारे दीड मीटरवरून, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगानं सपाट पोलादावर आपटतात. सायकलवर बसलेल्या मुलीचं डोकं जमिनीपासून साधारण तेवढंच उंच असतं. हेल्मेट तिच्या पडण्यासाठी बनवलेलं आहे. मागून ट्रकनं उडवण्यासाठी ते बनवलेलं नाही आणि तसा दावा कुठलंही मानक करत नाही.

सक्तीविषयीही बाईंनी विचारलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकलींपुरतं आहे, पायडलच्या सायकलीला ते लागू नाही. म्हणजे निर्णय शाळेचाच. इथं सिअॅटलचीच पुढची हकीकत ऐका, कारण ती आकड्याइतकी कुणी सांगत नाही. १९८६ पासून तिथल्या डॉक्टरांनी शाळा, दुकानं आणि पालकांना धरून मोहीम चालवली. हेल्मेट महाग होतं, म्हणून सवलतीची कुपनं वाटली. १९८७ मध्ये शाळकरी मुलांत हेल्मेट घालणारी शंभरात पाच-सहा होती, १९९२ मध्ये चाळीस झाली. तोवर कायदा नव्हताच. सिअॅटल ज्या किंग काउंटीत आहे तिथं तो १९९३ मध्ये आला आणि पुढं दहा वर्षांनी सिअॅटल शहराला लागू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळानं तो रद्द केला. हेल्मेट निकामी ठरलं म्हणून नव्हे. दंडाच्या पावत्या तपासल्या तेव्हा दिसलं की काळ्या सायकलस्वारांना गोऱ्यांच्या जवळपास चौपट प्रमाणात पकडलं जात होतं आणि जवळजवळ निम्म्या पावत्या बेघर माणसांच्या नावावर होत्या. मंडळानं त्याच वेळी सगळ्यांना हेल्मेट घालण्याचं आवाहनही केलं.

तुमच्या शाळेत सक्तीचा फटका कुणाला बसेल, बाई, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. ज्या मुलीला सायकलच योजनेतून मिळाली, तिच्या घरी हेल्मेटचे पैसे कुठून येणार? आणि हेल्मेट नाही म्हणून फाटकाशी अडवलं तर दुसऱ्या दिवशी ती चालत येईल किंवा येणारच नाही. सक्ती करू नका. पैसे गोळा करा, माजी विद्यार्थ्यांना सांगा, एकगठ्ठा घ्या आणि आठवीच्या मुलींपासून सुरुवात करा. घेताना मोटारसायकलचं घेऊ नका. ते जड असतं आणि उन्हात पायडल मारताना डोकं उकडून काढतं. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, हनुवटीखालचा पट्टा एखादं बोट जाईल इतकाच सैल हवा. वेणीवर मागे ढकललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. एकदा आपटलं की वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्या, चेपलेला थर परत फुलत नाही.

आणि ते पत्रक नववीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना जरूर वापरा. १६, १०४, २१९, ३२९. मुलींना आधी स्वतः टक्के काढू द्या, पत्रक नंतर दाखवा.

मेलबर्नला जाताना हीच रीत बरोबर न्यायची आहे. तिथं जखमी किती हे मोजलं गेलंच, पण रस्त्यावर सायकली किती उरल्या हेही माणसांनी उभं राहून मोजलं. ते पुढच्या आठवड्यात.