जुनी फोर-व्हील बघायला निघालात? आधी आपली पाणंद मोजून या

शेतकरी मंडळी, मृगाचा पहिला दणका बसला की गोदाकाठच्या काळ्या रानातल्या वस्त्यांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दोन किलोमीटरची पाणंद, पण चप्पल हातात घ्यावी लागते आणि मोटारसायकल डांबरीकडेच्या कुणाच्या तरी गोठ्यात ठेवावी लागते. टायरच्या खाचांत चिखल बसतो, चाकाचा नुसता गोळा होतो आणि गाडी जागच्या जागी फिरते. मग मनात येतंच, की आपल्याकडं एक फोर-व्हील जीप असती तर! नव्या गाडीचे पैसे नसतात. म्हणून माणूस सेकंडहँड बघायला निघतो, आणि तिथं गेल्यावर डोकं बाजूला राहून मनच सौदा करायला लागतं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामेभावाचं असंच झालं. मामीला आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिसला न्यावं लागतं. उन्हाळ्यात अडचण नाही, पण आदल्या पावसाळ्यात तीन वेळा त्या माउलीला ट्रॅक्टरवर बसवून डांबरीपर्यंत आणलं होतं, अंगावर खताच्या गोणीची खोळ घालून. एक पाळी चुकलीच. म्हणून गाडी घ्यायची ठरली. आणि पहिलीच बातमी आली ती मामांच्या जीपची. १९७८ साली घेतलेली, उंच बॉनेटची, जुन्या तीन अक्षरी मालिकेतला नंबर. बहिणीच्या लग्नात २००४ साली विकली होती. ती शेजारच्या तालुक्यात एका गॅरेजवाल्याकडं उभी होती, मागणी सव्वादोन लाख. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, मामाची गाडी घरी आणायची. आता दुसरं काही बघायचंच नाही."

त्याला हसू नका. आपल्या पिढीला जीप म्हणजे नुसतं वाहन नव्हतं. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप इथं जुळवायला घेतली, आणि पुढं चाळीसेक वर्षं गावात बीडीओ आले तर जीपमधून, निवडणुकीचा कर्णा वाजला तर जीपवर, नवरी निघाली तर जीपमधून. त्या आवाजाला अजून मान वळते. गॅरेजवाल्यांनाही ते पक्कं ठाऊक असतं. शहरातल्या हौशी लोकांनी अशा जीपा घेऊन रंगवायला सुरुवात केल्यापासून तर त्यांचे भाव आणखी ताठ झालेत.

आम्ही गेलो तेव्हा ओळखीच्या एका जुन्या मेस्त्रीला बरोबर घेतलं. तुम्हीही हेच करा, त्याची दिवसाची मजुरी देऊन. मेस्त्रीनं आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम. "गाडी आमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय," तो हळूच म्हणाला. थंड इंजिन एका सेल्फात उठतं का, पहिला धूर कसला येतो, हेच तर बघायचं असतं. मग आम्ही चहा पिऊन इंजिन थंड होईपर्यंत बसलो. दुसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर खरा आवाज ऐकायला मिळाला. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडलं तर भकाभका धूर. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या.

त्यानंतर तो खाली झोपला आणि दोन मिनिटांनी मला म्हणाला, "साहेब, वाकून बघा." पुढच्या डिफरन्शियलकडं जाणारा प्रोपेलर शाफ्टच नव्हता! कुणीतरी डिझेल वाचवायला किंवा आवाज घालवायला काढून टाकलेला. दोन्ही लिव्हर जागच्या जागी, झाकणावर गिअरचा नकाशा कोरलेला, आणि गाडी मात्र मागच्या दोन चाकांवर चालणारी. असल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. शिवाय जीपसारखी दिसली म्हणून ती फोर-व्हील असते असंही नाही. कमांडर, बोलेरो, २०१० ची थार, या सगळ्या टू-व्हील ड्राइव्हमध्येही निघाल्या.

तेव्हा पारख करायची ती मऊ रानात, नांगरटीत. फोर-व्हीलचा लिव्हर टाका, जुन्या गाडीला पुढच्या चाकांवर हब असतील तर ते लॉक करा, आणि एकाला बाहेर उभं करून पुढची चाकं माती उकरतात का ते बघायला सांगा. मग लो गिअर टाकून एखादा बांध हळूहळू उतरा. उतारावर लिव्हर आपोआप उडाला तर गिअर झिजलेत. कोरड्या डांबरीवर मात्र ही परीक्षा घेऊ नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारख्या वेगानं फिरत नाहीत, आणि जुन्या गाडीत तो फरक सोसायची सोय नसते. सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. त्याच कारणानं चारही टायर एका मापाचे हवेत. डिफरन्शियलच्या तेलाचा बोल्ट सैल करून दोन थेंब काढा. ताकासारखं पांढरं तेल आलं तर ओढ्याचं पाणी आत गेलंय. पाट्यांचे हँगर बसतात त्या जागी चासीवर हातोडीनं टकटक करा, कोकणातली गाडी असेल तर दोनदा करा. रंगाखाली खारी हवा काय करून ठेवते ते डोळ्यांना दिसत नाही.

बरं, लोखंड दुरुस्त होतं. कागदाचं काय? मामांच्या जीपच्या आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलेलं, आणि आत बसलेलं इंजिन डिझेलचं. एके काळी हे सर्रास चालायचं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कंपनीनं दिलेल्या मूळ रूपात फेरफार नको, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली सांगितलंय. अपघात झाला आणि विमा कंपनीनं बोट ठेवलं तर शेत विकायची पाळी येते. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी चारचाकीला २०२२ पासून ५ हजार झाली आणि २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये १० हजार. उशिराचा आकार आणि पर्यावरण कर वेगळा. या जीपचं नूतनीकरण कधीचंच राहिलेलं होतं. चासी नंबर आरसीशी ताडून बघितला, तो एवढा एकच जुळला.

मेस्त्री म्हणाला, "पोरा, ही गाडी घेऊ नको असं मी म्हणत नाही. पण ही घेतलीस तर आईसाठी दुसरी घ्यावी लागंल."

मामेभाऊ दोन दिवस गप्प होता. मग मामीलाच विचारावं म्हणून तिला तिथं घेऊन गेलो. तिनं जीपला हात लावला, पायरीकडं बघितलं, पदर खोचला आणि पाय उचलला. दोन वेळा उचलला. चढता आलं नाही. "ते होते तवा हात धरून चढवायचे," ती म्हणाली, "आन् तवा मी वीस-पंचवीसची होते. आता वरून ताडपत्री गळती, खालून पाटे हाणत्यात. हिच्यात बसून मी दवाखान्यात जायचं व्हय?" आणि ती जाऊन झाडाखाली बसली. त्यानंतर त्या गाडीचा विषय घरात निघाला नाही. फक्त मामेभावानं मोबाइलवर तिचे फोटो काढून घेतले.

मग बाकीच्या गाड्या. जिप्सी एक बघितली. हलकी, चिखलात सुंदर, पण पेट्रोल पिते, आणि नागरिकांसाठी तिचं उत्पादन थांबूनही बरीच वर्षं झाली. लष्करी लिलावातली म्हणून दाखवत असतील तर लिलावाचे मूळ कागद आणि आरटीओची नोंद बघितल्याशिवाय इसार देऊ नका. एक थार दिल्लीच्या नंबरची, फारच स्वस्त. स्वस्त का, तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध तिकडं हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश झाला, म्हणून त्या गाड्या इकडं लोटल्या गेल्या. वाईटच असतात असं नाही. पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच ओसरते.

शेवटी घेतली ती बोलेरो कॅम्पर, फोर-व्हील, दोन रांगांची बंद केबिन आणि मागं हौदा. दिसायला काहीच नाही. मामेभाऊ अजून तिला 'टेम्पो' म्हणतो. पण मामी आत कोरडी बसते आणि परत येताना हौद्यात सरकीचं पोतं येतं. पिवळी पाटी असल्यानं फिटनेस वेळच्या वेळी करावं लागतं. लायसनची भीती मात्र नको. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं साधं लायसन चालतं, हे घटनापीठानं २०२४ मध्ये नक्की केलंय. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत कळवायचं असतं. आपल्याकडं विकणाऱ्याच्या नावावरच गाडी वर्षानुवर्षं फिरते. ते करू नका.

आता तुमच्यापैकी कितीजणांना खरंच फोर-व्हील लागते? घरात ट्रॅक्टर आहे, आजारी माणूस नाही, आणि वर्षात पंधराच दिवस रस्ता बंद असतो, तर साधी गाडी डांबरीकडेला ठेवणं परवडतं. दोन डिफरन्शियल, दुप्पट जॉइंट आणि जादा वजन बारा महिने पोसायचं ते पंधरा दिवसांसाठी, हा हिशेब घरी बसून करा. सरपंच मंडळींनीही एक बघावं: मातोश्री पाणंद योजनेत आपल्या वस्तीचा रस्ता बसतो का. दोन किलोमीटर खडी-मुरूम पडला तर दहा घरांच्या दहा गाड्या वाचतात.

आणि घेतलीच, तर ती वापरा. महिन्यातून एकदा तरी रानात लिव्हर टाकून शंभर-दोनशे पावलं चालवा. मामेभावानं एप्रिलमध्ये गाडी आणली ती डांबरीवरच फिरवली. जूनमध्ये पहिल्या पावसात, मामी मागच्या सीटवर आणि गाडी पाणंदीच्या मधोमध, तेव्हा लिव्हर हललाच नाही. मेस्त्री मोटारसायकल डांबरीवर सोडून चालत आला, खाली झोपला, आणि अर्ध्या तासानं लिव्हर पडला.