ताक कौंडिण्याला : संदिग्ध नियम कसा वाचावा

लेखमाला : वीस बाजूंचा फासा – भाग ७

मागच्या भागात आपण लढाईतला फासा कसा टाकायचा ते पाहिलं. फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि समोरच्याच्या बचावाच्या आकड्याशी ताडून पाहायचं, इतकं ते सोपं वाटलं असेल. पण खरा डाव फाशावर अडत नाही, तो नियमाच्या वाक्यावर अडतो. या भागात त्याबद्दल बोलू.

दिवाळीच्या सुटीत आमच्या शहापूरच्या घरी चार पोरं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसली होती. बाहेर नागपूर-भंडारा रस्त्यावर ट्रकांची वर्दळ, आत चटईवर कागद, पेन्सिली आणि मुरमुऱ्याचा चिवडा. डाव मी चालवत होतो, म्हणजे खेळाच्या भाषेत मी डीएम होतो. गोष्टीतला दुष्ट मांत्रिक मंत्र म्हणून अदृश्य झाला. माझ्या भाच्याच्या जादूगाराकडे ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ हा मंत्र होता. त्यानं अदृश्य वस्तू आणि प्राणी तासभर दिसू लागतात. भाच्यानं तो म्हटला, मांत्रिक त्याला दिसला आणि त्यानं अग्निबाण सोडला. तेवढ्यात माझ्या मुलीनं २०१४ सालचं ‘प्लेअर्स हँडबुक’ उघडून पुढे केलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे भाच्यानं दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा घ्यायला हवा होता. अदृश्य प्राण्यावर हल्ला करणाऱ्याला हीच अडचण सोसावी लागते.

भाचा उसळला. “मामाजी, तो मले समोर दिसून राह्यला. मंग नेम काऊन चुकन?”

मुलगी शांतपणे म्हणाली, “पन दिसत असन तर सूट, असं पुस्तकात लिवलंच नाही.”

दोघांचंही खरं होतं. त्या पुस्तकात ‘अदृश्य’ या अवस्थेखाली दोन कलमं आहेत. पहिलं सांगतं, की असा प्राणी जादूशिवाय किंवा विशेष इंद्रियाशिवाय दिसत नाही. दुसरं सांगतं, की त्याच्यावरच्या हल्ल्याला अडचण आणि त्याच्या हल्ल्याला फायदा मिळतो. हल्ला करणाऱ्याला तो दिसत असेल तर काय, याबद्दल दुसरं कलम गप्प आहे. जगभरच्या खेळणाऱ्यांमध्ये या गप्प बसण्यावरून वाद झाले. नियमांचे तेव्हाचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीही शब्दाला धरूनच अर्थ लावला होता : दिसत असलं तरी अडचण कायम.

असे वाद या खेळाच्या पाचवीलाच पुजलेले आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो काढला तेव्हा खोक्यात तीन लहान पुस्तिका होत्या आणि लढाईसाठी ‘चेनमेल’ हा दुसराच खेळ हाताशी असेल असं गृहीत धरलं होतं. उरलेल्या फटी ज्यानं त्यानं आपापल्या बैठकीत बुजवल्या. पुढे ‘ड्रॅगन’ मासिकात ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे शंकासमाधानाचं सदरच सुरू झालं. आज खेळणारे तीन अर्थ वेगळे काढतात : लिहिलेला, अभिप्रेत असलेला आणि डाव रंगवणारा. पण तिघांचं जमलं नाही तर कोणाचं ऐकायचं, हे एवढ्यानं कळत नाही.

ते कळायला एक जुनी विद्या कामी येते. वाक्य समोर आहे, लिहिणारा विचारायला हाताशी नाही आणि तरीही कृती करायचीच आहे, या पेचावर आपल्याकडे एक अख्खं शास्त्र उभं राहिलं : पूर्वमीमांसा. जैमिनीच्या सूत्रांपुढे यज्ञाची वाक्यं होती, तरी त्यांनी घडवलेली हत्यारं कोणत्याही नियमाला चालतात. महाराष्ट्रानं ही विद्या जपली आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसा आणि धर्मशास्त्र यांचं नातं उलगडलं. ही हत्यारं आपण चटईवर आणू.

पहिलं हत्यार पंगतीतलं. सगळ्या ब्राह्मणांना दही वाढा आणि कौंडिण्याला ताक, असं यजमानानं सांगितलं. कौंडिण्यही ब्राह्मणच. मग त्याला दही आणि ताक दोन्ही वाढायचं का? नाही, फक्त ताक. सामान्य आज्ञेला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष आज्ञेला अपवाद. दोन्हींची गाठ पडते तिथे अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो. वैयाकरण आणि मीमांसक याला तक्रकौंडिण्यन्याय म्हणतात. ‘प्लेअर्स हँडबुक’च्या सुरुवातीलाही हेच सांगितलं आहे, की विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. निम्म्याहून जास्त वाद इथेच मिटतात. आधी विचारा : यातलं दही कोणतं आणि ताक कोणतं?

दुसरं हत्यार म्हणजे पुराव्यांची उतरंड. मीमांसकांनी अर्थ ठरवण्याचे सहा पुरावे क्रमानं लावले : श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. श्रुती म्हणजे थेट विधान. लिंग म्हणजे शब्दाच्या अंगचं सामर्थ्य. वाक्य म्हणजे शब्दांची आपसातली जोड. प्रकरण म्हणजे ज्या विषयाच्या ओघात ते आलं तो विषय. स्थान म्हणजे मजकुरातली जागा. समाख्या म्हणजे नाव. पहिला सगळ्यांत बलवान, शेवटचा सगळ्यांत दुबळा. कारण जसजसं खाली यावं तसतसा अर्थ शब्दापासून लांब पडतो आणि मधल्या जागी आपला तर्क भरावा लागतो.

नावाचा पुरावा किती दुबळा, याचं चोख उदाहरण या खेळातच आहे. २०१४च्या पुस्तकात ‘चिल टच’ नावाचा मंत्र आहे. नावावरून वाटतं, की हा गार स्पर्श असणार. नवी पोरं हमखास म्हणतात, शत्रूजवळ जायला हवं आणि थंडीनं इजा होईल. मंत्राखालचा मजकूर वेगळंच सांगतो : पल्ला १२० फुटांचा आणि इजा मृत्युशक्तीची, थंडीची नव्हे. श्रुतीपुढे समाख्या हरते. २०२४च्या सुधारित पुस्तकात या मंत्राचा पल्ला खरोखर स्पर्शाइतका केला. नाव फसवं आहे असं वाटलं तर नियम बदलण्याची ही सरळ रीत आहे. बदलेपर्यंत मात्र लिहिलेलंच खरं.

मग आमच्या अदृश्य मांत्रिकाचं काय? उतरंड लावली तर मुलीची बाजू जड होते. दुसऱ्या कलमाची श्रुती सरळ आहे : हल्ल्याला अडचण. भाच्याच्या हाती प्रकरण आहे. ते कलम ‘न दिसण्या’च्या विषयाखाली आलं आहे, म्हणून ते न दिसणाऱ्यालाच लागू, असं तो म्हणू शकतो. पण प्रकरण चौथ्या पायरीवर आणि श्रुती पहिल्या.

इथे तिसरं हत्यार लागतं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. मीमांसक म्हणतात, की बलवान पुरावा धरल्यामुळे शास्त्रातलं एखादं वचन निरर्थक होत असेल, तर बळाचा क्रम उलटा होतो आणि दुबळा पुरावा जिंकतो. एकही वचन वाया जाऊ नये, हा यामागचा आग्रह. आता पाहा, अदृश्य प्राणी दिसण्याचा मंत्र म्हणूनही बाण जर आंधळ्यासारखाच सोडावा लागत असेल, तर लढाईत तो मंत्र जवळजवळ वांझ ठरतो. पुस्तकानं तो वांझ ठेवण्यासाठी दिला असं मानवत नाही. म्हणून प्रकरणाला उचलून वर घ्यायचं आणि भाच्याला एकच फासा टाकू द्यायचा. २०२४च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंच गेलं : ज्याला तुम्ही दिसता त्याच्यासमोर अदृश्यपणाचा हा फायदा मिळत नाही.

चौथं हत्यार गुणप्रधान न्यायाचं. गौण गोष्ट मुख्य गोष्टीशी भांडू लागली तर गौणानं वाकायचं. जैमिनीचं उदाहरण अग्न्याधानाचं, म्हणजे यज्ञाचा अग्नी स्थापन करण्याच्या विधीचं, आहे. सामवेदातलं साम मोठ्यानं गायचं आणि यजुर्वेदातलं कर्म हळू आवाजात करायचं, अशी रीत. अग्न्याधान यजुर्वेदाचं, पण त्यात सामही येतं. कर्म मुख्य, साम त्याचं अंग. म्हणून तिथे सामही हळूच गायचं. हा न्याय २००६ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला, तोही रायगडच्या धरमतर जेटीच्या निमित्तानं. इस्पात इंडस्ट्रीजचा माल मोठ्या जहाजातून बार्जमध्ये उतरवून जेटीला आणला जाई. त्या बार्जचा खर्च सीमाशुल्काच्या किमतीत धरायचा का, हा वाद होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी निकालात मीमांसेचा हा न्याय मांडला : मूळ कायदा प्रधान, त्याखाली केलेला नियम गौण, म्हणून नियम कायद्याशी जुळवून वाचायचा.

आपल्या चटईवर प्रधान काय? चार जणांनी मिळून एक गोष्ट जगायची, प्रत्येकाच्या निवडीला वजन असायचं, हे प्रधान. फाशांचे आकडे आणि कलमं त्याची अंगं. म्हणून डाव मोडेल इतका वेळ कलमावर घालवू नये. मी घरात रीत घातली आहे : दोन मिनिटांत डीएमनं निर्णय द्यायचा, डाव पुढे न्यायचा, आणि चिवडा संपल्यावर सगळ्यांनी मिळून पुस्तक वाचायचं. नंतर जो अर्थ ठरेल तो वहीत लिहायचा. पुढच्या वेळी मांत्रिक भाच्याचा असो की माझा, नियम तोच.

ही वही फार महत्त्वाची आहे. ‘प्रधान’ या शब्दाच्या आडून डीएम मनमानी करू शकतो. आज एकाला सूट आणि उद्या दुसऱ्याला नाही, तर तो रडीचा डाव झाला, मग रडणारा डीएम का असेना. आबाधोबीत आपण धाकट्याला कच्चा लिंबू करतो, पण ते डाव सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर सांगून. म्हणून तर कोणाला त्याचा राग येत नाही. सवलत उघड असेल तर तो नियमच होतो, लपवली की ती फसवणूक.

त्या दिवशी संध्याकाळी मुलीनं स्वतः वही ओढली आणि लिहिलं : दिसत असेल तर अडचण नाही. ती हरली होती असं तिला वाटलं नाही, कारण तिचं वाचन चुकलेलं नव्हतंच. तिनं शब्द नीट वाचला म्हणून तर आम्हाला त्यातली फट दिसली. खाली तिनं आणखी एक ओळ जोडली : आपण अदृश्य असून मांत्रिकाले दिसत असन, तर त्याच्यासाठीबी हेच नाही का? भाचा विचारात पडला, आणि मीही. वही उघडीच राहिली.

पुढच्या भागात : पात्र मेलं तर खेळणाऱ्यानं काय करायचं?