/डेव्ह/एफडी (युनिक्स)

/डेव्ह/एफडी ही युनिक्स व तत्सम संचालन प्रणालींमधील एक विशेष निर्देशिका होय. एखाद्या प्रक्रियेने उघडलेल्या संचिका तिला या निर्देशिकेतून नावानिशी हाताळता येतात.

प्रक्रियेने संचिका उघडली की कर्नल तिला एक लहान पूर्णांक देतो; यालाच फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० हा आदानासाठी, १ प्रदानासाठी व २ त्रुटिसंदेशांसाठी, असा संकेत आहे. वर्गातील हजेरी क्रमांकाप्रमाणे हा क्रमांक त्या प्रक्रियेपुरताच अर्थपूर्ण असतो. अनेक आज्ञांना मात्र क्रमांक नव्हे, संचिकेचे नाव हवे असते. त्यांना '/डेव्ह/एफडी/०' हे नाव दिल्यास पाइपमधून येणारा मजकूरही वाचता येतो. दोन आज्ञांचे फलित तात्पुरत्या संचिका न बनवता 'डिफ'ला ताडून पाहण्यास देण्याची बॅश शेलमधील सोय बहुतेक ठिकाणी याच निर्देशिकेवर विसंबते.

इतिहास

बेल प्रयोगशाळेतील संशोधन युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत (१९८५) ही निर्देशिका आढळते. प्रक्रियांना संचिकांचे रूप देणारी टॉम किलियन यांची '/प्रॉक' प्रणालीही याच आवृत्तीतील. पॉसिक्स मानकाने मात्र '/डेव्ह/एफडी' अनिवार्य केलेली नाही.

लिनक्समधील वेगळेपण

लिनक्समध्ये '/डेव्ह/एफडी' हा केवळ '/प्रॉक/सेल्फ/एफडी'कडे नेणारा दुवा आहे. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने तिच्यातही हीच रचना आहे. सोलॅरिस व बीएसडी प्रणालींत असे नाव उघडणे म्हणजे मूळ डिस्क्रिप्टरची प्रत घेणे. वाचन जेथे थांबले तेथूनच पुढे चालते. लिनक्समध्ये साधी संचिका नव्याने उघडली जाते, परवानग्या पुन्हा तपासल्या जातात आणि वाचन पहिल्या ओळीपासून सुरू होते. दहा ओळी आधीच वाचलेल्या निकालपत्रकावर एकच स्क्रिप्ट दोन प्रणालींत दोन वेगळी उत्तरे देते ती यामुळेच. सॉकेट तर लिनक्समध्ये या मार्गाने उघडताच येत नाही.

पुसलेल्या संचिकेची प्राप्ती

संचिकेचे नाव पुसले तरी तिचा एखादा डिस्क्रिप्टर उघडा असेपर्यंत मजकूर नष्ट होत नाही. लिनक्समध्ये '/प्रॉक'मधील त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखालील 'एफडी' निर्देशिकेत असा दुवा 'डिलीटेड' या शेऱ्यासह दिसतो व 'सीपी' आज्ञेने त्याची प्रत घेता येते. हा अधिकार सामान्यतः प्रक्रियेचा मालक व प्रशासक यांनाच असतो. प्रत घेईपर्यंत ती प्रक्रिया बंद करू नये. गोंधळून संगणक पुन्हा सुरू केल्यास हा मार्ग कायमचा बंद होतो. अनेक मजकूर-संपादक संचिका वाचून लगेच मिटतात. त्यांच्या बाबतीत हा उपाय चालत नाही.