दोष पायांत नाही!

शेजारच्या बाळाने पाऊल टाकले, की आपल्या घरातील बाळाकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. "काही मुलं उशिराच चालतात हो!" असे आजी म्हणतात आणि बहुधा ते खरेही ठरते. परंतु एखाद्या घरी महिन्यांमागून महिने जातात, तरी बाळ बसत नाही. उचलून घेतले, की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात; टाच जमिनीला टेकत नाही. मग मालीश, टॉनिके, नवस यांची रांग लागते. सारे उपाय पायांवर आणि दोष मात्र पायांत नसतोच!

हे प्रथम नीट ओळखले ते एका वाकड्या पायाच्या माणसाने. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८३६ मध्ये जर्मनीत जाऊन टाचेमागील कंडरा कापवून आपले पाऊल सरळ करून घेतले आणि ती विद्या मायदेशी आणली. पुढे ताठर पायांची अनेक मुले तपासल्यावर १८६१ मध्ये त्यांनी प्रसूतिवैद्यांच्या सभेत सांगितले, की या विकाराचे मूळ पायांत नसून जन्मसमयी मेंदूला व मज्जासंस्थेला झालेल्या इजेत आहे. 'लिटलचा रोग' म्हणून ओळखला गेलेला तो विकार म्हणजेच आजची सेरेब्रल पाल्सी.

लिटल यांनी दोष अवघड बाळंतपणाला दिला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, मनोविश्लेषणाचे जनक तेच!) निराळी शंका काढली. गर्भातच काही बिघडले असेल आणि बाळंतपण अडणे हा त्याचाच परिणाम असेल तर? पुढील संशोधनाने या शंकेला बळ दिले. अपुऱ्या दिवसांचा जन्म, संसर्ग, जन्मानंतरची तीव्र कावीळ, बाळ गुदमरणे अशी कारणे अनेक आहेत. पुष्कळदा नेमके एकही सापडत नाही. तेव्हा "गरोदरपणी हिने अमुक खाल्ले" म्हणून सुनेला दोष देणाऱ्यांनी आपले न्यायासन मोडीत काढलेले बरे.

स्नायू ताठरतात का? एकाएकी ताणला गेलेला स्नायू उलट आवळतो, ही मज्जारज्जूची उपजत सवय. निरोगी मेंदू तिला लगाम घालतो. मेंदूचा तो भाग दुखावला, की लगाम सुटतो. म्हणूनच डॉक्टर मुलाचा गुडघा आधी सावकाश आणि मग झटक्याने सरळ करून पाहतात. झटक्याला अडतो तो ताठरपणा. दर पाच रुग्णांपैकी सुमारे चौघांत हाच प्रकार मुख्य असतो. काही मुलांचे हातपाय मात्र आपोआप पिळवटतात, बोलताना अधिकच, आणि झोपेत शांत होतात. आणखी थोड्यांचा तोल सावरत नाही. प्रकार निराळा, म्हणून उपायही निराळा.

मेंदूची इजा वाढत नाही. पण मूल वाढते! हाड लांबते, आवळलेला स्नायू मागे पडतो आणि सांधा आखडतो. कधी खुबा न दुखता हळूहळू निखळू लागतो. डॉक्टर सांगतील त्या मुदतीने खुब्याचा एक्स-रे काढावयाचा तो याचसाठी.

ताठरपणावर आज अनेक उपाय आहेत. बॅक्लोफेनसारखी औषधे आहेत. ती मनाने एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे. बोट्युलिनमचे इंजेक्शन ठराविक स्नायू सुमारे तीन-चार महिने सैल करते. निवडक मुलांत पाठीतील काही संवेदनातंतू कापतात, तर आखडलेले स्नायू व हाडे यांसाठी निराळी शस्त्रक्रिया असते. यांपैकी एकही उपाय मूळ इजा पुसत नाही. मूलपेशींच्या जाहिराती पाहून दागिने मोडण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा उपचाराला संशोधनाबाहेर परवानगी नाही.

शिवाय ताठरपणा नेहमीच वैरी नसतो. दुबळ्या पायांचे मूल कधी त्याच्याच आधारे उभे असते; तो सगळा काढून घेतला, तर उभे राहणेही जाते! म्हणून "पाय सैल कधी होतील?" यापेक्षा "या उपायाने माझे मूल काय करू लागेल?" असे डॉक्टरांना विचारावे. पेला धरणे, खुर्चीत बसणे, सदऱ्याची बटणे लावणे अशी ठरलेली कामे मुलाने स्वतः रोज करून पाहावीत. दुसऱ्याने हातपाय नुसते ओढून देण्यापेक्षा हा सराव मोलाचा. इंजेक्शनाने मिळालेले चार महिनेही याच कामी लावावयाचे.

बोलणे अडखळते म्हणून मूल मंदबुद्धी, हा समजही सोडावा. सुमारे निम्म्या मुलांच्या बुद्धीला धक्का लागलेला नसतो. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापून या मुलांसाठी शाळा काढली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करीत आपले आत्मचरित्र लिहिले.

२०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्के वा अधिक असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा बाळाची वाढ मागे वाटली, तर पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबू नका. बालरोगतज्ज्ञाला लगेच दाखवा. आणि मूल चालत नाही, एवढ्यासाठी त्याची शाळा मात्र थांबवू नका.