हिरवी कॅप्सूल आणि गुलाबी गोळी



मागच्या महिन्यात तिसरीतल्या एका मुलीच्या कंपासपेटीत मला हिरव्या मऊ कॅप्सूलची पट्टी सापडली. ई जीवनसत्त्वाची, ४०० मिलिग्रॅमची. आईला बोलावून विचारलं, तर म्हणाली, "बाई, पोरगी सारखी मलूल असते. शेजारणीने सांगितलं, ताकद येते. मी रोज एक देते."

आई काळजीपोटीच देत होती, तिला काय बोलणार? पण त्या निमित्ताने हा विषय नीट समजून घेतला.

ई जीवनसत्त्व करतं काय? घरातलंच उदाहरण घेऊ. शेंगदाण्याचा कूट डबा उघडा ठेवून बरेच दिवस ठेवला की खवट लागतो. हवेतला ऑक्सिजन कुटातल्या तेलाला बिघडवतो, म्हणून तो वास. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीलाही स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि तेही असंच बिघडू शकतं. ई जीवनसत्त्व त्या आवरणात बसून तो मारा स्वतःवर घेतं. थोडक्यात, पेशी 'खवट' होऊ देत नाही. मुलांना असं सांगितलं की पटकन कळतं. जमल्यास वर्गात ताजा आणि जुना कूट हुंगायला द्या, धमाल येते.

याचा शोध १९२२ सालचा. अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप उंदरांना ठरावीक आहार देत होते. उंदीर वाढत होते, पण माद्यांचे गर्भ टिकत नव्हते. आहारात लेट्यूसची हिरवी पानं घातली आणि पिल्लं होऊ लागली. पुढे त्याला टोकोफेरॉल नाव मिळालं, ग्रीक भाषेतल्या 'जन्म' आणि 'वाहून नेणं' या अर्थाच्या शब्दांवरून.

आता मुद्द्याचं. निरोगी माणसात या जीवनसत्त्वाची कमतरता फार क्वचित होते. ज्यांच्या आतड्यात स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत अशा रुग्णांत आणि खूप अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती दिसते. रुग्णांत ती वाढली तर नसा बिघडतात, चालताना तोल जातो. नुसतं मूल मलूल आहे म्हणून ई कमी, असं होत नाही.

आणि प्रमाण बघा. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ७ मिलिग्रॅम पुरतं, वरची मर्यादा ३०० आहे. आपण देतोय ४०० ची कॅप्सूल! जास्त प्रमाणात ई घेतलं तर रक्त गोठायला अडथळा येऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या आजी-आजोबांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पट्टी हातातही घेऊ नये.

मग मिळवायचं कुठून? मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे साधारण ३० ग्रॅममध्ये, २ मिलिग्रॅमच्या वर मिळतं. सूर्यफुलाच्या तेलात भरपूर, पालकासारख्या पालेभाजीत थोडं. आपल्या किनाऱ्यावर नारळाचं केवढं कौतुक, पण खोबऱ्यात आणि खोबरेल तेलात ई अगदीच नगण्य. (रागावू नका, सोलकढी मलाही आवडते.) भजी-वड्यांचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातलं ईसुद्धा नष्ट होत जातं, त्यामुळे कढईत उरलेलं तेल आठवडाभर पुरवून वापरू नका.

आता त्या मुलीचं. तिच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसत होत्या. मी आईला म्हटलं, "ताई, आधी रक्त तपासून घ्या." प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी. म्हणजे प्रश्न लोहाचा होता, ई चा नव्हताच. डॉक्टरांनी औषध सुरू केलं.

मला खरं वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. शाळेत आठवड्यातून एकदा आपण जी लोहाची गुलाबी गोळी देतो, ती ही बाईसाहेब खिडकीतून फेकत होती. फुकटची गोळी खिडकीबाहेर आणि विकतची कॅप्सूल पोटात! चूक माझीही, मी गोळी हातात देऊन पुढे जात होते. आता खिचडी खाऊन झाल्यावर मी समोर उभी राहून सगळ्यांना गोळी गिळायला लावते. पालकहो, घरी लोहाचं औषध देत असाल तर ते चहासोबत देऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरून औषध बंद करू नका, लोहाने तसं होतं.

उरलेल्या कॅप्सूलचं काय करू, असं त्या ताईंनी विचारलं. म्हटलं, पोरीला मात्र देऊ नका, आणि तिच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू द्या. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन लाडू होते, एक माझ्यासाठी.