कोड रिव्ह्यू आणि टीममधला संवाद

एकाने लिहिलेला कोड मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होण्याआधी टीममधल्या दुसऱ्याने वाचून तपासणे, याला कोड रिव्ह्यू म्हणतात. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ साली या तपासणीची शिस्तबद्ध रीत मांडली. त्यात भूमिका ठरवून बैठक होई आणि कोड क्रमाने वाचून चुका नोंदवल्या जात. २००५ साली गिट आणि २००८ साली गिटहब आले. पुढे बऱ्याच टीममध्ये बैठकीची जागा पुल रिक्वेस्टने (‘पीआर’ने), म्हणजे बदल मर्ज करण्याच्या लेखी विनंतीने घेतली. बोलणे लेखी झाले आणि शब्दांचे वजन वाढले. समोर बसून हसत सांगितलेली चूक कॉमेंटमध्ये दरडावल्यासारखी वाटू शकते.

रिव्ह्यू चांगला होणे आधी पीआर टाकणाऱ्याच्या हातात असते. बदल लहान ठेवावा. तो का केला, कसा तपासला आणि शंका कुठे आहे, हे वर्णनात लिहावे. दोन हजार ओळींचा पीआर सहसा कोणी मन लावून वाचत नाही. वरवर नजर टाकून मंजुरी दिली जाते.

रिव्ह्यू करणाऱ्याचा कस कॉमेंटमध्ये लागतो. समजा, ऑर्डरची यादी दाखवताना नवख्या डेव्हलपरने लूपच्या आत डेटाबेसची क्वेरी लिहिली. त्याच्या मशीनवर पाचच ऑर्डर असल्याने पान झटकन उघडते. ‘असं कोण लिहितं?’ या कॉमेंटनंतर तो ओळ बदलेल, पण पुढच्या वेळी विचारायला कचरेल. ‘हजार ऑर्डर असतील तर ही क्वेरी हजार वेळा चालेल. सगळे आयडी देऊन एकदाच माहिती आणता येईल का?’ असे लिहिले, तर कारण कळते आणि तीच चूक दुसरीकडे टळते. टीका कोडवर करावी, माणसावर करू नये, हे गूगलच्या जाहीर मार्गदर्शक सूचनांतही आहे. किरकोळ सुधारणेआधी ‘निट’ लिहावे, म्हणजे ती सक्तीची नाही हे समजते. आणि रिव्ह्यूला फार तर एका कामाच्या दिवसात उत्तर द्यावे, असेही या सूचनांत सांगितले आहे.

टीम दोन देशांत विभागलेली असेल तर नेमकेपणाची किंमत आणखी वाढते. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यात ऋतूनुसार साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर असते. संध्याकाळी विचारलेल्या अर्धवट प्रश्नाला सकाळी ‘म्हणजे काय?’ एवढेच उत्तर आले, की एक दिवस वाया जातो. वाद दोन-तीन कॉमेंटमध्ये मिटत नसेल तर कॉलवर बोलावे आणि ठरलेले पीआरमध्ये नोंदवावे. पुढे तोच कोड उघडणाऱ्याला त्यामागचे कारण तिथेच सापडते.

नवख्याने न पटलेल्या कॉमेंटला कारणासह उत्तर द्यावे, न समजलेली विचारावी, आणि सीनियर मंडळींचे पीआरही वाचून प्रश्न टाकावेत. जिथे सीनियरच तपासतात आणि ज्युनिअर फक्त दुरुस्त करतात, तिथे कोडची जाण दोघा-चौघांकडेच राहते. ते रजेवर गेले की काम अडते. सगळ्यांना एकमेकांचा कोड वाचायला सवड मिळावी, म्हणून रिव्ह्यूचा वेळ प्रत्येक कामाच्या एस्टिमेटमध्ये धरलाच पाहिजे.