रोजकीर्द बुडाली तर काय?

व्यापारी बंधूंना ऑगस्ट २०१९ विसरता येणार नाही. कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले आणि इकडे शिराळा तालुक्यात वारणाकाठी पुराने ठाण मांडले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत. भिजलेला माल एखादे वेळी पुन्हा भरता येतो. पण उधारीची वही भिजली तर कोणाकडून किती येणे हे कोणाला विचारायचे?

आता पुष्कळ दुकानांत वहीच्या जागी कॉम्प्युटर आला आहे. सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, "काळजी नको, तुमचा हिशेब क्लाऊडवर आहे." हा क्लाऊड म्हणजे लांबच्या कुठल्या तरी शहरातल्या इमारतीत भाड्याने घेतलेली मशीनच. तीही बंद पडते, तिचीही डिस्क जाते. मग तेथे आपली उधारी कोण आणि कशी सांभाळतो, हे दुकानदाराला ठाऊक असले पाहिजे असे आम्हाला वाटते. देण्याघेण्याचा मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत हीच. शिवाय रमजानमध्ये जकात काढताना येणे किती, देणे किती हे नक्की माहीत नसेल तर रक्कम अंदाजानेच धरावी लागते.

कॉम्प्युटरमधल्या अशा हिशेबाच्या दप्तराला डेटाबेस म्हणतात. तक्त्यांमध्ये माहिती मांडून एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याची पद्धत कॉड नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडली. आज या जातीतला फुकट मिळणारा नामांकित डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस. त्याचे काम अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झाले. त्याची रीत आपल्या मुनीमजींना ओळखीची वाटेल. कोणताही व्यवहार तो आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग सवडीने खतावणी करतो. मध्येच वीज गेली तरी रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा उभी करता येते. हीच रोजकीर्द तारेवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवत राहिले की तेथेही हुबेहूब दुसरे दप्तर तयार होते. अशा दोन-तीन दप्तरांच्या जुडग्याला क्लस्टर म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. मोठ्या कंपन्या आपले प्रोग्रॅम 'कंटेनर'मध्ये, म्हणजे लागणारे सगळे सामान भरून बंद केलेल्या पेटीत ठेवतात. न्हावा-शेवा बंदरातल्या पेट्यांसारखेच. पेटी कोणत्याही जहाजावर चढवता येते. अशा हजारो पेट्या कोणत्या मशीनवर ठेवायच्या, एखादी फुटली तर दुसरी कुठे मांडायची, हे पाहणारे सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटिस. गुगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपला 'सुकाणू' शब्द अरबीतून आला आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या सुकाणूवाल्याची एक सवय डेटाबेसला परवडत नाही. पेटी बिघडली की तो ती फेकून देतो आणि दुसरी कोरी पेटी मांडतो. दुकानाचा बोर्ड दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचे काही नाही. दप्तराची पेटी फेकली तर मात्र दुकानदार बसला! म्हणून बरीच वर्षे जाणकार सांगत, डेटाबेस तेथे ठेवूच नका. पुढे पेटीला कायमचे नाव आणि स्वतःची डिस्क देण्याची सोय झाली. २०१७ च्या अखेरीस ती पक्की म्हणून जाहीर झाली. पेटी गेली तरी डिस्क राहते, आणि नवी पेटी तीच डिस्क घेऊन उभी राहते.

तेवढ्यानेही भागत नाही. मुख्य दप्तराचे मशीन मेले तर दुसऱ्या दप्तराला मुख्य कोणी करायचे? घाईत दोघेही स्वतःला मुख्य समजून लिहू लागले तर एकाच दुकानात दोन मुनीम, दोन वह्या आणि जमा-नावेचा कधीच न बसणारा मेळ. हे निस्तरायला 'ऑपरेटर' नावाचे प्रोग्रॅम निघाले, म्हणजे अनुभवी मुनीमाची अक्कल सॉफ्टवेअरमध्ये उतरवलेली. मुख्य कोण याची नोंद एकाच ठिकाणी राहते आणि ती बदलायला तीन साक्षीदार मशीनांपैकी दोघांचे एकमत लागते. पुण्यात कार्यालय असलेल्या एंटरप्राइजडीबी कंपनीने असा एक ऑपरेटर, क्लाऊडनेटिव्हपीजी, २०२२ मध्ये फुकट खुला केला.

तरी एक निवड माणसालाच करावी लागते. दुसऱ्या दप्तरात नोंद उतरेपर्यंत गिऱ्हाईकाला थांबवायचे, की आधी पावती देऊन नोंद मागाहून पाठवायची? पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात नेमक्या त्याच क्षणी मशीन मेले तर शेवटच्या काही पावत्या जातात. उधारीच्या धंद्याला पहिला मार्ग बरा, असे आमचे मत.

आणि दुसरे दप्तर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खोडलेली ओळ दुसऱ्या दप्तरातही लगेच खोडली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामवंत कंपनीत एका इंजिनियरच्या हातून मुख्य पोस्टग्रेस दप्तरच पुसले गेले. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था कागदावर होत्या. ऐन वेळी त्या कामाच्या निघाल्या नाहीत. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक नक्कल सापडली. त्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

शिराळ्यातल्या किराणा किंवा कापडाच्या एका दुकानाने हा सगळा डोलारा उभा करावा काय? मुळीच नको. तीन मशीनांचे भाडे आणि जाणकाराचा पगार त्या धंद्याला झेपणार नाही. एक कॉम्प्युटर, रोज रात्री एक नक्कल, आणि ती नक्कल दुकानाबाहेर, शक्यतो नदीपासून दूरच्या गावी, एवढे पुरे. शेकडो दुकानांचा किंवा पतसंस्थांचा हिशेब सांभाळणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला यातून सुटका नाही. समाजातील जी मुले-मुली इंजिनियरिंग करून पुण्या-मुंबईत काम शोधत आहेत त्यांनी हे जरूर शिकावे. 'काइंड' हे फुकट साधन आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर चालते. त्यावर क्लस्टर उभा करून मुख्य दप्तर मुद्दाम मारून पाहावे आणि पुन्हा उभे राहायला किती सेकंद लागले ते टिपावे.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. तो कॉम्प्युटरवर असेल तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवावा, असे नियम सांगतो. तेव्हा विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी विचारावे: नक्कल किती तासांनी निघते, ती दुसऱ्या शहरात असते काय, आणि तिच्यावरून दप्तर पुन्हा उभे करण्याची तालीम शेवटची कोणत्या तारखेला झाली? करार संपला तर आपला हिशेब कोणत्या स्वरूपात हाती मिळेल, हेही लेखी घ्यावे.